काकीचे अडीच तास

आमच्या पाम गावच्या काकीला किलोमीटर हा प्रकार मान्यच नव्हता. अंतर वेळेत सांगायचं, आणि ती वेळही तिच्या ओळखीची हवी. उमरोळी म्हणजे भात शिजेपर्यंत. पालघर म्हणजे भात होऊन वर आमटीला फोडणी पडेपर्यंत. एकदा तिने मला बँकॉकहून सिंगापूर किती लांब ते विचारलं. मी मोबाईलवर बघून चौदाशे किलोमीटर सांगितले, तर तिने हातच झटकला. विमानाने अडीच तास म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

"म्हंजे चिकू उतरवून, धुऊन, टोपल्या भरेपर्यंत," ती म्हणाली. "जवळच हाय की गं."

ते जवळ असणं तिला फार हवं होतं. मुलगा नितीन बँकॉकला, मुलगी सुलू सिंगापूरला, आणि दोघांत अबोला. काका गेल्यावर नितीनने बहिणीला न विचारता अर्धी चिकूची वाडी विकली, तेव्हापासूनचा. काकीने कुणाचीच बाजू घेतली नाही. दोघांवर सारखीच चिडली.

दिवाळीत मात्र ती गप्प बसत नसे. सिंगापूरला जाणारं कुणीतरी बोईसर-तारापुरात शोधून काढायची आणि करंज्यांचा डबा धाडायची. डबा एकच, दोघांचा. अर्ध्या करंज्या सुलूने भाऊबीजेला स्वतः नेऊन द्यायच्या, असा तिचा हुकूम. आमच्या गावात शेजारणीचा डबा पोचवायला गेलेली बाई चहा घेतल्याशिवाय परतत नाही. परदेशातही तसंच होणार, अशी तिची खात्री होती. सुलूने अर्ध्या करंज्या कुरिअरने पाठवल्या. नितीनकडे त्यांचा चुरा पोचला. हे कळलं त्या दिवशी काकी जेवली नाही.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. मी दोघांना फोन केले. सुलूला साधी बॅगही भरता येईना. शेवटी तिने भावालाच फोन लावला. नितीनच्या हातात मुंबईचं तिकीट होतं. ते सोडून तो उलट्या दिशेने आधी सिंगापूरला गेला आणि बहिणीला घेऊन आला. एक दिवस उशीर झाला. नातेवाईक त्याला नाही नाही ते बोलले. आईचा जीव टांगणीला आणि हा भलतीकडे फिरतोय, असं तोंडावर म्हणाले.

काकीने डोळे उघडले. दोघांना एकत्र बघून तिने एवढंच विचारलं, "वाटेत बोललात काय रं?"

"भांडलो, आई," नितीन म्हणाला. "विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत."

काकी हसली. इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात ती गेली.

उरलेल्या वाडीवरून दोघं अजून भांडतात, दर रविवारी, फोनवर. न्याय करायला मला मध्ये ओढतात. काकीने एवढा आटापिटा करून सुरू करून दिलेलं भांडण मिटवणारी मी कोण?