हळदीला लावलेली बिनगायकाची रेकॉर्ड

जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या बिनगायकाच्या रेकॉर्ड मी जमवते. म्हणजे गाणं तेच, पण गायकाच्या जागी व्हायोलिनचा ताफा, मध्येच अ‍ॅकॉर्डियन, कडव्याला सॅक्सोफोन. लोक याला लिफ्टमधलं संगीत म्हणतात. म्हणू देत. लिफ्टमध्ये निदान कोणी कोणाच्या अंगावर ओरडत नाही.

सुरुवात आवडीनं नाही, गरजेनं झाली. आमच्या गावाच्या पाण्याच्या आंदोलनात सभेला माणसं येत नसत. गाणं लावलं की येत. ओळखीची चाल घ्यायची आणि तिच्यावर आपल्या मागण्या बसवायच्या, हे चळवळीतलं जुनं काम. पण मूळ गाणं लावलं की गायकाचे शब्द आणि आमचे शब्द भांडायचे आणि जिंकायचा गायकच. मग पनवेलच्या एका भंगारवाल्याकडे गायक नसलेली एलपी मिळाली. चाल पूर्ण, जागा रिकामी. पाणी यायचं तेव्हा आलं, मी मात्र त्या रेकॉर्डवरच अडकले. नवीन पनवेलमधल्या जुन्या इमारती पाडायला निघाल्या की लोक घर रिकामं करताना आधी रेकॉर्ड बाहेर काढतात, हे मला कळलं होतं. मी जाऊन दारात उभी राहायचे.

कव्हरवर मावळता सूर्य, नाहीतर गुलाब धरलेली बाई. मागे कंपनीचं नाव, वाद्यवृंद चालवणाऱ्याचं नाव. ज्यांनी हात दुखेपर्यंत वाजवलं त्यांच्यातल्या एकाचंही नाही. यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. आंदोलनाच्या समितीतल्यांनी ते छापू दिलं नाही. आधी गटाराचं बघू म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, पण मला आजही ते पटलेलं नाही.

माझी आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी घरांत भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, ते ठीक. पण मांडव उभा राहण्यापासून हळद उतरेपर्यंत लग्न लावते ती धवलारीण, धवले गाऊन. ती एक ओळ सोडते, भोवतीच्या बाया ती झेलतात, मग ती पुढची सोडते. अशी पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लागली. मग विकलेल्या जमिनींचे पैसे आले, पैशांबरोबर डीजे आले. स्पीकरची भिंत मांडवाच्या तोंडाशी उभी राहते आणि घरातली भांडी फळीवरून सरकतात.

एका भाच्याच्या हळदीत डीजे वाजत असताना आत्या सगळे धवले गायली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही न गाळता. जेवायला बसल्यावर एका सुनेनं तिला आपुलकीनं विचारलं, आत्या, आज गायलीस नाय का? त्यानंतर आत्यानं सगळ्या भावांना सांगून टाकलं की पुढच्या लग्नाला माझी मानाची साडी घरी पाठवून द्या, मला बोलावू नका.

पुढचं लग्न काकाच्या मुलीचं होतं. ती माझ्याहून लहान, कधी कशाला नाही न म्हणणारी. तिनं बापाला सांगितलं की आत्या गाणार नसेल तर मला हळद लावू नका. काकानं तोवर डीजेला शब्द दिला होता. शेताच्या जागी त्याची चार मजली इमारत उभी आहे, आणि ज्याच्या हळदीला स्पीकर नाही त्याचा पैसा संपला, असं आमच्याकडे धरतात. मी मध्ये पडले, म्हणजे पत्रक काढलं. 'भिंती हलतात, माणसं का हलत नाहीत?' गावभर वाटलं. काका आमच्या ओट्यावर येऊन माझ्या वडिलांना म्हणाला, "दुसऱ्यांच्या घरात आहेर वाटतात. तुजी पोर माज्या घरच्या लग्नात कागद वाटते."

शेवटी मुलीच्या हट्टापुढे तो वाकला. डीजे रद्द झाला. पण मांडव मुका नको, ही अट राहिली, आणि माझ्या रेकॉर्ड पुढे आल्या. मला तर हेच हवं होतं. या रेकॉर्डमध्ये गायकाची जागा रिकामी आहे, तिथे आत्या बसेल, असा माझा हिशेब. चळवळीत जमलं ते मांडवात का जमणार नाही? आत्या यायला तयार झाली ती भाचीसाठी, माझ्या सिद्धांतासाठी नाही.

दिवेलागणीला हळद सुरू झाली. मी माझ्या संग्रहातली सगळ्यात संथ रेकॉर्ड लावली, आवाज बेताचा. म्हाताऱ्या माना डोलावत होत्या, काकाही जरा सैलावला. आत्यानं पहिली ओळ सोडली. व्हायोलिनं तिच्याबरोबर निघाली आणि तिला मागे टाकून पुढे गेली. धवला हळद लावणाऱ्या हाताबरोबर चालतो. हात थांबला की ओळ थांबते, हात गालावरून कपाळावर गेला की पुढची येते. वाद्यवृंदाला हाताशी काही देणंघेणं नव्हतं. आत्यानं दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडली. मी आवाज कमी केला. मग रेकॉर्ड बदलली. तिसऱ्यांदा ती थांबली आणि म्हणाली, "बंद कर, बाय."

मला राग आला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आत्या, यात कोणी गातच नाहीये. तुझ्या मध्ये कोण येतंय?"

"गानारा असता तर त्याला म्हनली असती, जरा दम खा, माजी ओळ होऊ दे. ह्याला दमच लागत नाय. सांगू कोनाला?"

मी सुई उचलली.

मांडवात पंख्याचा आवाज उरला आणि लांब भरावाची माती टाकणाऱ्या डंपरचा. आत्या गायली. मांडवाच्या खांबांची, आंब्याच्या डहाळ्यांची ओळ. आवाज बारीक झाला होता, पण शब्द न्‌ शब्द पोचला. ओळ संपली आणि ती थांबली. कोणी झेललीच नाही. ज्यांना येत होतं त्यातल्या काही वारल्या, काही गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. माझ्या आईला चाल येत होती, काकूला अर्धी. दोघी नुसत्या गुणगुणल्या. मला व्हायोलिन कुठे चढतं, सॅक्सोफोन कुठे शिरतो हे पाठ. धवल्याचा एक शब्द येत नव्हता. डीजेनं आत्याचा आवाज बुडवला हे मी पत्रकात लिहिलं होतं. तो येण्याआधीच आम्ही झेलणं सोडलं होतं, हे कुठल्या पत्रकात लिहायचं?

तेवढ्यात ओळ झेलली ती खुद्द नवरीनं, मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात.

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "काय गो, आपलं लगीन आपनच गातेस? आमी मेलो काय सगळ्या?"

मांडव हसला. काकू तर पदर तोंडाला लावून हसली. आत्या हसली नाही. तिनं हळदीची वाटी खाली ठेवली, आम्हा बायांना जवळ ओढून बसवलं आणि एकेक शब्द सांगायला लागली. मी घोषणेच्या सवयीनं वरच्या पट्टीत सुरू झाले.

"मोर्चा नाय, हळद हाय," ती म्हणाली. "हळू."

काका दोनदा घड्याळ दाखवून गेला. पाहुणे ताटावर बसायचेत, जेवण गार होतंय, नवरीच्या अंगावरची हळद वाळून तडकायला लागलीय. आत्यानं त्याला हातानंच खाली बसवलं. जेवण गरम करता येतं, म्हणाली. तिसऱ्या शब्दाला मी चुकले, आईही चुकली, आणि आत्यानं पुन्हा पहिल्यापासून ओळ सोडली. काकूनं ती झेलली, मागून आम्ही. मग आत्यानं वाटी उचलली आणि हात नवरीच्या गालावरून कपाळावर नेला.