बसत्या माणसाचं माप

बोरीचे मन्मथअप्पा समाधीचे खड्डे खणतात. आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात, म्हणून माप बसत्या उंचीचं लागतं. अप्पा ते नुसत्या नजरेनं घेतात. त्यांचा धाकटा शिवकुमार परभणीत स्टँडअप करतो. परवा त्यानं बोलावलं, म्हणून मी अप्पांना घेऊन गेलो. हॉटेलाच्या वरचा हॉल पोरापोरींनी गच्च भरलेला.

"पाहुणा आला की आमचे अप्पा म्हणतात, बसा," शिवकुमार माइकवर म्हणाला, "अन् तेवढ्यात माप घेऊन टाकतात!"

हॉल खदखदून हसला. अप्पाही लेकाच्या कौतुकानं हसले.

"एकदाच चुकले. खड्डा लहान झाला. मयताची मान वाकवून बसवावं लागलं!"

पोरं टाळ्या पिटत हसायला लागली. मला उठून त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. तो खड्डा त्याच्याच थोरल्या भावाचा, मोटारसायकलवरून पडून गेलेल्या गुरुलिंगचा होता.

खाली रस्त्यावर आल्यावर मी शिवकुमारला शिव्या घालायला लागलो. अप्पांनी माझा हात धरला.

"त्याला कशाला बोलायलास? चुकलं ते खरंच हाय," ते म्हणाले. "खणताना माज्या डोळ्यापुढं गुरुलिंग शाळेत जायचा तेवढाच दिसायलता."