रचना आक्कानं स्वरूपला मंडळापुढं उभं केलं

रचना आक्का माझी चुलत बहीण. गुंजी गावची. आम्ही दोघं पिरनवाडीत एका खोलीत राहतो, बेळगावात एकाच कॉलेजात जातो. ती फायनलला, मी सेकंडला. दिसायला एवढीशी हाय, पण राग आला की धरून ठेवते. मला ती त्यासाठीच आवडते, खरं सांगतो.

तिचा एकच नाद. कॉम्प्युटरवर गाणं लिहायचं. वाजवायचं न्हाय, लिहायचं. तशी एक भाषा हाय, एक ओळ टाइप केली की ढोलकी, दुसरी टाकली की टाळ. फुकटातली भाषा, जगभरची पोरं मिळून सांभाळतात. कुणीबी त्यांना सुचवायचं, ह्यात हे नवीन घाला म्हणून. पटलं तर घालतात आणि सुचवणाऱ्याचं नाव लावतात. आक्काला ते नाव पायजे होतं. बस्स, दुसरं काय न्हाय.

तिनं सुचवलं कुठनं? गावच्या भजनातनं. तिचे वडील मष्णू आप्पा मंडळात टाळ धरतात. आमच्याकडं भजन एका लयीत चालतच न्हाय. हळू सुरू होतं, मग चढतं, पखवाजवाला टाळकऱ्यांचं ऐकून जरा पुढं पळतो, टाळकरी त्याच्या मागं पळतात. मशीनला हे येत नव्हतं. आक्कानं लिहिलं, मशीननं माणसांचे टाळ ऐकावेत आणि किंचित पुढं जावं. वेग चढल्यावर खाली कसं यायचं ते लिहायचं राहिलतं. तेवढ्यात वर्गातल्या स्वरूपला म्हणाली, "इंग्लिश जरा बघून दे रं."

त्यानं बघितलं. आणि स्वतःच्या नावानं पाठवून दिलं.

त्या लोकांनी घेतलं की! स्वरूपचं नाव लागलं, नोटिस बोर्डावर फोटो लागला. आक्का कँटीनमध्ये त्याच्यासमोर जाऊन उभारली.

"माझं हाय ते."

"आयडिया काय तुझ्या बापाची हाय?"

"व्हय, बापाचीच हाय!"

सगळे हसले. आक्का न्हाय हसली. खोलीवर आली, भात लावला, मला म्हणाली, "आद्या, ह्याला मी सगळ्यांसमोर घाम फोडणार."

चार दिवसांनी तीच त्याच्याकडं गोड बोलत गेली. "गॅदरिंगला आमच्या गावचं मंडळ बोलव की. टाळ माणसांचे, पखवाज तुझ्या मशीनचा. पेपरात येईल." स्वरूप पाघळला. मित्रांना घेऊन त्यानं तपासूनबी बघितलतं. पण ते मित्र दमून थांबायचे, मग मशीनबी थांबायचं. गुंजीची माणसं थांबत न्हाईत हे त्याला काय म्हाईत! आमच्याकडं पखवाज चालू असताना ज्यानं टाळ खाली ठेवला, त्याला वर्षभर गाव चिडवतं. लग्नातबी विचारतात, "काय, हात भरून आले व्हय?"

म्हणजे मशीन माणसांचं ऐकून पुढं पळणार, माणसं मशीनच्या मागं पळणार, आणि थांबणार कोणच न्हाय. आक्काचा डाव एवढाच.

फक्त आप्पा येणार नव्हते. त्यांना दम्याचा त्रास. आणि स्टेजवर बघतो तर पहिल्या ओळीत आप्पाच! फेटा बांधून!

सुरू झालं. पहिल्यांदा टाळ्या. मग वेग वाढला, लई वाढला, शब्द कळेनात, नुसतं खणखण खणखण. स्वरूपचा शर्ट भिजला. बंद करायचं बटण त्याच्या हाताखाली होतं, पण दाबलं तर माणसांपुढं मशीन हरलं असं दिसणार, म्हणून दाबेना. आक्का माझ्या शेजारी दात खात बसलेली. "दाब. तूच दाब की रं."

मी तर आनंदानं उड्या मारत होतो. आणि तेवढ्यात आप्पांचं तोंड दिसलं. काळंनिळं. श्वास घ्यायला तोंड उघडं, पण हात चालूच.

"आक्का, आप्पा!"

ती पळाली. स्वरूपला कोपरानं ढकललं आणि खाली उतरायच्या ओळी टाकल्या, एव्हाना तिनं त्या लिहून ठेवल्या होत्या. पखवाज एक एक पायरी खाली आला, टाळ त्याच्याबरोबर आले, आणि सगळं एकदम शांत. मग हॉल नुसता फुटला.

स्वरूपनं माइक उचलला. "थँक्यू, ही आमची टीम..."

आक्कानं माइक हिसकला. "टीम न्हाय. ह्यानं चोरलंय माझं. चढायचं तेवढं चोरलं, उतरायचं माझ्याकडं होतं. म्हणून बोंबलत बसलेला."

प्रिन्सिपल सर उठून उभे राहिले. मागनं पोरांनी शिट्ट्या घातल्या.

विंगेत आप्पा खुर्चीत बसून पंप ओढत होते. मला वाटलं पोरीच्या पाठीवर हात फिरवतील. कुठलं! "थांबवलंस कशाला गं? हरवलं असतं की मशीनला!" आक्का रडली तेव्हा. रागानंच रडली. स्वरूप पुरता बुडायच्या आधी तिलाच त्याला वर काढावं लागलं ना!

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेला भाग आणि स्टेजचा व्हिडिओ भाषेच्या लोकांना पाठवला. त्यांनी विचारलं, पहिल्या भागावर दोघांची नावं ठेवू का? आक्कानं उत्तर लिहायला घेतलं, तोवर स्वरूप आमच्या दारात.

"चुकलं रचना. माफ कर. प्लेसमेंट हाय गं, नाव तेवढं राहू दे."

"माफ केलं."

त्याचं तोंड उजळलं.

"तुझं नाव काढते," म्हणाली, आणि त्याच्यासमोर लॅपटॉप फिरवून, त्याला वाचायला लावून, पाठवलं.