बाळंतिणीच्या शेपूत बटाटा

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नातसून भोपाळचीच, हिंदी बोलणाऱ्यांच्या घरची. त्यांच्यात ते सासरी होतं. आम्ही वाट पाहत होतो तिच्या माहेरचे तिला कधी नेतील याची, आणि ते समजून होते की ती इथंच राहणार. शेवटी इथंच राहिली. तिची सासू आता नाही, म्हणून बाळंतिणीचं खाणंपिणं माझ्याकडे आलं.

बाळंतिणीला आम्ही शेपू देतो. पोटातला गॅस मोकळा होतो, अन्न पचतं, दूध येतं, असं आमच्या बायका मानतात. बाजारातल्या जुड्या कुठल्या पाण्यात धुतात देव जाणे, म्हणून आधीपासूनच गॅलरीत पेरला होता. आधीच्या टी. टी. नगरच्या क्वार्टरला अंगण होतं, इथं अयोध्या नगरच्या फ्लॅटला एवढीच जागा. फुटक्या टबाला खाली भोकं पाडून माती आणि शेणखत भरलं. बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी. त्या भिजवून पसरल्या, वर माती भुरभुरली. उगवलाही दाट. मग नातवाला तो नीटनेटका करायची हौस आली. त्यानं रोपं उपटून कुंड्यांत ओळीनं लावली. संध्याकाळी सगळी आडवी. शेपूचं मूळ हलवलेलं चालत नाही. मी पुन्हा पेरला. थंडी होती, चांगला आला.

मुलगी झाली. नातसुनेला दूध कमी येत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटभर खा, पाणी प्या आणि बाळाला सारखं अंगावर घ्या. पण ती खाईच ना. मुगाची डाळ आणि लसूण घालून मी शेपू केला, तर तिनं वासानंच ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पोर रडायची, ही पण रडायची. नातू म्हणाला, पावडरचं दूध आणतो. मी तिला म्हटलं, रडून दूध येत नाही, जेवून येतं.

ती म्हणाली, "आजी, आमच्या घरी आलू टाकून बनवतात. तसा बनवा ना, मी खाईन."

"बटाटा वातूळ असतो. बाळंतिणीला देत नाहीत."

"आणि शेपू गॅस काढतो, तुम्हीच सांगता. मग आलू करेल, शेपू काढेल. त्यांचं ते बघून घेतील."

मी उठले. गॅलरीत जाऊन मुठीनं शेपू खुडला, मुळं तशीच ठेवली, म्हणजे पुन्हा फुटतो. बटाटे बारीक चिरून, जिरं आणि हिंगाची फोडणी देऊन परतला. दोन पोळ्या खाल्ल्या तिनं, तिसरी मागितली. नातू पावडर आणायला निघाला होता, त्याला म्हटलं, चपला काढ, आज राहू दे.

हळूहळू दूध पुरायला लागलं. ते शेपूनं आलं की पोट भरल्यानं, हे मला सांगता येणार नाही. बाळंतीण उपाशी राहिली नाही, एवढं खरं.

पोरगी आता रांगते आणि टबातली माती खाते. शेपू मीच पेरते. शिजवते नातसून, दर वेळी बटाटा घालून. मला तो अजून आवडत नाही. मी बटाटे ताटाच्या कडेला काढून ठेवते आणि शेपू खाते.