घट्ट मुठीचा गैरसमज

“ताई, ही ताकद नाही. हा ताठरपणा आहे,” अकोल्याच्या डॉक्टरबाई यजमानांची आवळलेली मूठ बघून म्हणाल्या. या मुठीच्या जिवावर आम्ही वरूडला पेढे वाटून मोकळे झालो होतो.

माझ्या यजमानांना लकव्याचा झटका आला, तेव्हा डावा हात लुळा पडला होता. पुढे हळूहळू बोटं आत वळली. आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. भेटायला येणारा प्रत्येक जण यांच्या मुठीत एक संत्रं बसवायचा आणि ते पडलं नाही की खूश व्हायचा. दीर तर म्हणायचे, “वैनी, दादाच्या हाताले जोर येऊन रायला. औंदा कलमा बांधते का नाही पायजा!”

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. मेंदूचा ताबा सुटला की स्नायू आपोआप आवळत जातो. “संत्रं त्यांनी धरलेलं नसतं. त्यांना ते सोडता येत नसतं.”

मी एकच विचारलं, हात उघडेल का? त्या म्हणाल्या, स्नायू नुसता आवळला असेल तर सैल करता येईल. कायमचा आखडला असेल तर अवघड आहे. त्यासाठी इलॅस्टोग्राफी करायची, म्हणजे स्नायू किती कडक झालाय हे दाखवणारी सोनोग्राफी.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर सगळ्या गरोदर बाया. यांचा पारा चढला. “कावून आणलं व मले अठी? मले का दिवस गेले?” बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

आत हातावर जेल लावून मशीन फिरवलं. एकदा हात सैल ठेवून, एकदा मनगट हळूच ताणून. कडक भाग लाल दिसतो, मऊ भाग निळा, असं त्यांनी सांगितलं. पडद्यावर लालच लाल. मी मान फिरवली.

“इकडे बघा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कडक आहे, पण स्नायू अजून जिवंत आहे, कायमचा आखडलेला नाही. आपल्याला वेळ आहे.” त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं मला.

मग बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन दिलं. आवळलेल्या स्नायूला काही महिने सैल ठेवणारं औषध. तेही सोनोग्राफीत बघत, नेमक्या स्नायूत. सोबत रोजचा व्यायाम आणि बोटं सरळ ठेवणारी हाताची पट्टी. तुमच्या घरी असं कोणी असेल तर कौतुकानं मुठीत काही कोंबू नका आणि बोटं हिसका देऊन उघडू नका. आधी दाखवून घ्या.

कलमा बांधता येतील की नाही, याचा शब्द डॉक्टरबाईंनी दिला नाही. मीही मागितला नाही.

इंजेक्शननंतर दोनेक आठवड्यांनी एका सकाळी मोरीत बसवून मी यांची बोटं हलकेच सोडवली. उघडली! तळहातावर नखांचे वळ होते, कातडी पांढरी पडली होती, वासही येत होता. मी साबण लावला आणि तळहातावर तांब्याभर पाणी ओतलं.

“थंड हाय व!” हे ओरडले.

एवढे महिने मिटून राहिलेल्या त्या हातानं केलेली ही पहिली तक्रार. मला रडू आलं, आणि मी मुद्दाम आणखी एक तांब्या ओतला.