इंदुताईंच्या बोटावरचा चुना

इंदुताई शेलार यांची आणि माझी ओळख लोणावळ्यात, मुलींच्या शाळेत झाली. त्या तिथे आधीपासून शिकवत होत्या, मी नुकतीच कॉन्व्हेंटमधून बाहेर पडून रुजू झाले होते. सिस्टरांनी मला टेनिस उत्तम शिकवलं होतं, नम्रता शिकवायची राहून गेली. "नऊवारी नेसून टेनिस खेळता?" म्हणून मी हसले. "संध्याकाळी कोर्टावर या," इंदुताई शांतपणे म्हणाल्या. त्या संध्याकाळी मला एकही गेम मिळाला नाही. परतताना माझी रॅकेटसुद्धा त्यांनीच धरली. माझ्या हातात त्राण उरलं नव्हतं.

आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरव समितीने तयार केलेल्या परिचयात त्यांच्या अजिंक्यपदांचं भरपूर कौतुक आहे. पहिल्या अंतिम सामन्याबद्दल मात्र दोनच शब्द आहेत: 'अनुभवाअभावी पराभव.' हे ज्यांनी लिहिलं, त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी तिथे होते.

गोष्ट तिसाच्या दशकातली. पावसाळा सरला की लोणावळ्याच्या गवती कोर्टांवर स्पर्धा भरायची. इंदुताईंचं सासर टाकव्याचं, शेतीवाडीचं. घरात शब्द चालायचा तो सासूबाईंचा, गोदाबाईंचा. त्यांनी बजावलं होतं, "यंदा खेळ. पर हरलीस तर बॅट खुंटीला. लोक लय बोलत्यात, मी कुनाकुनाची तोंडं धरू?" इंदुताईंनी ते कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं त्या मोडत नसत.

अंतिम सामन्यात समोर रेल्वेतल्या एका साहेबांच्या मॅडम होत्या. दरीतून धुकं वर येत होतं. ओल्या गवतावर पाय घसरू नयेत म्हणून दोघींनी बुटांवरून लोकरीचे मोजे चढवले होते. कुंपणापाशी गोदाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"कोन जितंय?"

"तुमच्या सूनबाई. एकच गुण हवाय, मावशी."

"मग तू कशापायी थरथरतीस? गप ऱ्हा."

मॅडमचा फटका मागच्या रेषेजवळ पडला. पंचसाहेबांनी 'आउट' पुकारला. टाळ्या पडल्या, मी तर उडीच मारली. इंदुताई मात्र जाळीकडे गेल्या नाहीत. त्यांनी वाकून चेंडू उचलला. गवताने हिरवट झालेल्या त्या चेंडूवर ओल्या चुन्याचा पट्टा होता. रेषा सकाळीच आखल्या होत्या आणि धुक्यामुळे वाळल्या नव्हत्या. त्या पट्ट्यावरून बोट फिरवत त्या पंचांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"रेषेला लागलाय. गुण त्यांचा."

"मी निकाल दिला आहे, बाई."

"मग तो बदला."

पंचसाहेबांनी चेंडू पाहिला आणि निकाल बदलला. त्यानंतर सामना जो फिरला तो फिरलाच. टाळ्या पुन्हा पडल्या, त्या मॅडमसाठी. मी तिथेच रडत होते. इंदुताई मात्र ताठ चालत कुंपणापाशी आल्या आणि रॅकेट सासूबाईंपुढे धरली.

"घ्या, आत्याबाई."

गोदाबाईंनी आधी त्यांचा हात धरला आणि पांढरं झालेलं बोट निरखलं. "ह्यो तुला एकलीलाच दिसला व्हय?"

"हो."

"न बोलतीस तर बॅट तुझीच ऱ्हायली असती की गं."

गोदाबाईंनी पदराने ते बोट पुसलं, रॅकेट घेतली आणि माझ्या हातात कोंबली. "टाकव्यातली खुंटी ढिली झालीया. तवर बॅट ह्या मास्तरीणबाईकडं ऱ्हाऊ दे. आन् तू रडू नगंस, हरली ती, तू न्हाई!"

पुढच्या वर्षी ती रॅकेट माझ्या घरून कोर्टावर गेली आणि अजिंक्यपद घेऊन आली. टाकव्यातली खुंटी गोदाबाई असेपर्यंत कधी दुरुस्त झाली नाही.

समितीला माझं एवढंच सांगणं: 'अनुभवाअभावी' हा शब्द खोडा. इंदुताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांच्यासारखेच शब्दाला पक्के राहोत, आणि त्यांच्या शंभरीच्या ग्रंथात तो पराभव सगळ्या विजयांच्या आधी, पहिल्या पानावर छापला जावो. मुद्रितं तपासायला मी येईन.