मनोऱ्यावरची एकोणचाळीस मिनिटं

आमच्या गावच्या बाजारात एक दगडी मनोरा होता आणि त्यावर चार तोंडांचं घड्याळ. समुद्राकडचं तोंड खाऱ्या वाऱ्याने केव्हाच बंद पडलं होतं. बाकीची तीन चालत, पण त्यांचा उपयोग वेळ बघण्यापेक्षा भांडायलाच जास्त व्हायचा.

त्या काळी कचेऱ्या आणि मुंबईची बोट स्टँडर्ड टाइमाने चालत. मुंबई टाइम त्याच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. म्युनिसिपालटीतल्या एका पक्षाला हा हवा, दुसऱ्याला तो. ज्याच्या हाती सत्ता येई तो घड्याळजीला मनोऱ्यावर चढवून काटे फिरवून घेई. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबई टाइमवाल्यांचे पुढारी. सरकारी टाइम मानला की साहेब ओटीवर येऊन बसलाच, असं ते म्हणत. घरातलं घड्याळ बिघडून पडलं होतं, ते दुरुस्त करायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. माडीच्या खिडकीतून मनोरा दिसत असताना दुसरं घड्याळ हवं कशाला?

मी तेव्हा सतरा वर्षांची. मराठी फायनल पास झाले होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी मुंबईच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजची परीक्षा द्यावी लागे. वर्षभर रडून, रुसून, जेवण टाकून मी अण्णांचा होकार मिळवला. तोही अटीवर. संधी एकदाच, नाही जमलं तर लग्न.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी आठची बोट धरायची होती. त्याच्या आदल्या संध्याकाळी सभेत अण्णांचा ठराव पास झाला. वर्षभर मनोरा स्टँडर्ड टाइम दाखवत होता, त्याचे काटे दिवेलागणीलाच एकोणचाळीस मिनिटं मागे नेले गेले. अण्णा पेढे घेऊन घरी आले. मी ट्रंक भरता भरता पेढा खाल्ला. घड्याळाचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही, खोटं कशाला बोलू?

सकाळी अण्णा खिडकीशी जाऊन आले.

"सात वाजतायत. बंदर वीस मिनिटांवर. दोन घास खाऊन घे."

मी पानावर बसते न बसते तोच बोटीचा भोंगा झाला.

"अण्णा, बोट आली!"

"लवकर आलीय आज. आठाशिवाय हलायची नाही. सावकाश जेव."

सावकाश! त्या शब्दाचा मला आजही संताप येतो.

बंदरावर पोचलो तर उतारूंना बोटीवर सोडून पडाव रिकामा परत येत होता. लांब पाण्यावर नुसता धूर. पडावाचा तांडेल म्हणाला, "बोट गेली की मघाशीच. टायमाव आली नि टायमाव गेली."

अण्णांनी वळून मनोऱ्याकडे पाहिलं. तिथून दिसत होतं ते बंद पडलेलं तोंड. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा पडला. वर्षभराच्या सवयीने ते आपलाच विजय विसरले होते.

"काल तुम्हीच घड्याळ मागे नेलंत ना?" मी सगळ्यांदेखत ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"या बोटवाल्यांना पोच म्हणून नाही," अण्णा तांडेलाला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

पुढची बोट दोन दिवसांनी. बैलगाडीने माणगाव गाठून मोटार धरली असती तरी परीक्षा उलटून गेली असती. ट्रंक पुन्हा माडीवर गेली. आठ दिवसांनी मी पुढल्या वर्षाचं विचारलं.

"एकदाच ठरलं होतं," अण्णा म्हणाले.

"पण मी परीक्षा दिलीच कुठे?"

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की पुढे ते गेले तरी तो पुरता गेला नाही.

वैशाखात माझं लग्न ठरलं. निमंत्रणपत्रिका छापून आल्या, त्यांवर हळदीची बोटं ओढायला मला बसवलं. मुहूर्त वाचला आणि माझा हात थांबला. अण्णांनी वेळ दोनदा छापून घेतली होती, मुंबई टाइम आणि त्याखाली ठळक अक्षरांत स्टँडर्ड टाइम. एकाही पाहुण्याची बोट चुकू नये म्हणून.

कोणाचीच चुकली नाही. सगळे वेळेवर आले.